दाराबाहेरच्या मावश्या

लतिका गर्गे यांना शिसारी यायला फार मोठं काही घडावं लागत नाही. कुणी गोड हसून "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं म्हणालं की पुरे. हे वाक्य त्यांनी परदेशातल्या अमेरिकन शाळांमध्ये इतक्या सुपरिंटेंडंटांच्या, म्हणजे शाळाप्रमुखांच्या, तोंडून ऐकलं होतं, आणि त्यानंतर आठवडाभरात कुणाच्या ना कुणाच्या पोटावर पाय आलेला इतक्यांदा पाहिला होता, की आता ते नुसतं कानावर पडलं तरी त्या या वेळी पाळी कुणाची ते शोधू लागतात. म्हणून नाशिकला परतल्यावर, गिरणारेच्या पुढे, ऊस आणि द्राक्षबागांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या 'लिबर्टी हिल अमेरिकन इंटरनॅशनल स्कूल'च्या फाटकावर तेच वाक्य सोनेरी इंग्रजी अक्षरांत दिसलं, तेव्हा त्यांना रिक्षा तशीच मागे फिरवावीशी वाटली. फिरवली नाही. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये भिंती खायला उठत होत्या, आणि दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं.

हे काम त्यांना कसं येत होतं, ते सांगायला हवं. बाई पंचवटीतल्या. वडील रामकुंडावर यजमानांचे विधी करायचे आणि यजमान घरीच उतरायचे. परमुलखातून आलेल्या, थकलेल्या, चिडलेल्या, भाषा न कळणाऱ्या माणसाला कुठं बसवायचं, आधी पाणी द्यायचं की आधी चहा, त्याच्या तक्रारीतली खरी किती आणि प्रवासाच्या शिणाची किती, हे लतिकाला दहावीच्या आतच कळायला लागलं होतं. पुढे कॉमर्स झालं, रस्ते बांधणाऱ्या कंपनीतल्या शामसुंदर गर्ग्यांशी लग्न झालं आणि दोघं मस्कतला गेले. तिथल्या अमेरिकन शाळेत फ्रंट ऑफिसला जागा निघाली. शाळा वकिलातीतल्या आणि तेल कंपन्यांतल्या साहेबांच्या मुलांची. शिक्षक अमेरिकेहून दोन वर्षांच्या करारावर यायचे. त्यांचे व्हिसा, घरं, गळणारे नळ, शाळेच्या बसगाड्या, पहारेकरी, पाण्याच्या टाक्या, कवायती, हे सगळं ऑफिसने पाहायचं. शिक्षक येतात आणि जातात, शाळा चालवतं ते ऑफिस, हे लतिकाबाईंनी पहिल्या सहामाहीतच ओळखलं.

आणि आणखी एक गोष्ट ओळखली. त्या शाळांमध्ये माणसांच्या दोन जाती असतात. विमानाने आणलेला तो 'ओव्हरसीज हायर', जागेवर मिळालेला तो 'लोकल हायर'. पहिल्याला घर, तिकीट, दवाखाना. दुसऱ्याला वर्षअखेरीला कॉफीचा मग आणि टाळ्या. नवऱ्याबरोबर आलेली म्हणून लतिकाबाई जागेवर मिळालेल्या. शामसुंदररावांचं काम पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या एका राजधानीत गेलं, तिथल्या अमेरिकन शाळेतही त्या जागेवरच मिळाल्या. एका सकाळी त्या शहरात लष्कराने रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं. वकिलातीने विमान मागवलं. कुणी कुठल्या बसमध्ये बसायचं, कुणाची किती बॅग, कुणाचं कुत्रं, हे सगळं लतिकाबाईंनी लावून दिलं. शेवटच्या बसच्या पायरीवर उभं राहून सुपरिंटेंडंट त्यांना म्हणाला, "तुझी काळजी नाही. तू तर इथलीच."

इथलीच! पंचवटीची मुलगी, नदीच्या पाण्यात वाढलेली, आणि हा माणूस तिला त्या लाल धुळीतली ठरवून मोकळा झाला. त्याच्या मांडीवर कुणाचं तरी कुत्रं होतं. बस गेली. लतिकाबाईंनी फाटक लावलं आणि पहारेकरी, माळी, स्वयंपाकी अशा मागे उरलेल्या सगळ्यांबरोबर ग्रंथालयाच्या फरशीवर दिवस काढले. शामसुंदरराव दूर रस्त्याच्या कामावर अडकले होते. पुढे सगळं निवळलं, साहेबलोक परतले आणि सुपरिंटेंडंटने लतिकाबाईंना 'शाळेचं हृदय' असं लिहिलेली काचेची तबकडी दिली. ती त्यांनी घरी जाताना नाल्यात टाकली.

यानंतर बाई शहाण्या झाल्या, म्हणजे जगाच्या भाषेत शहाण्या. परीक्षा दिल्या, जकार्ताच्या शाळेत रीतसर विमानाने आणलेल्या म्हणून रुजू झाल्या, घर मिळालं, तिकीट मिळालं, आणि संकटकाळाच्या योजना त्या स्वतः लिहू लागल्या. त्या योजनांमध्ये पहारेकरी आणि सफाईवाले फाटकाबाहेर असायचे, कारण ते ठेकेदाराचे. हे लिहिताना त्यांचा हात अडखळला नाही. सगळीकडे तसंच लिहितात, आणि चांगल्या पगाराच्या खुर्चीत बसल्यावर आपल्या नाकाला कसलाच वास येत नाही.

नाशिकच्या शाळेचे मालक दिनेशशेठ. आधी प्लॉट पाडायचे, मग द्राक्षं पाठवायला लागले, मग शिक्षणाकडे वळले. शाळेत अमेरिकन असं फारसं काही नव्हतं. बास्केटबॉलचं मैदान होतं, व्हरांड्यात निळी लॉकरं होती ज्यांच्या चाव्या अजून आल्या नव्हत्या, आणि हिल म्हणायला पाया खोदताना निघालेल्या मुरुमाचा ढीग होता, त्यावर लॉन लावलं होतं. दिनेशशेठ पालकांशी बोलताना लतिकाबाईंना "आमच्या अमेरिकन मॅडम" म्हणायचे. बाईंना ते ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. "सर, मी पंचवटीची आहे," असं त्यांनी एकदा सुनावलं, तर शेठ हसून म्हणाले, "ते पालकांना कशाला सांगायचं?"

बाईंनी आणलेल्या सगळ्या अमेरिकन मालात शेठला एक चीज फार आवडली. लॉकडाऊन ड्रिल. करोनातला लॉकडाऊन नव्हे. अमेरिकेत शाळेत बंदूक घेऊन माणूस शिरतो म्हणून मुलांना दाराआड लपायचा सराव देतात, तो. नाशिकला बंदूकवाला नाही, पण बिबट्या आहे. उसात पिल्लं घालतो, कुत्र्यांच्या मागे कॉलनीत येतो, कधी बंगल्याच्या जिन्याखाली सापडतो. त्यामुळे हा सराव इथे खरोखर कामाचा, आणि बाईंनी तो नीट बसवला. भोंगा वाजला की शिक्षिकेने दाराबाहेर डोकावून जे कुणी मूल दिसेल ते आत ओढायचं, दार लावायचं, दिवे घालवायचे, सगळ्यांनी भिंतीला टेकून खाली बसायचं. मग कुणीही ठोठावलं, अगदी मुख्याध्यापकांनी हाक मारली, तरी आतून दार उघडायचं नाही. यादीतल्या प्रत्येक माणसाची मोजणी लागली की लतिकाबाईंनी स्वतः 'ऑल क्लिअर', म्हणजे धोका टळल्याचा इशारा, द्यायचा आणि आतली खिट्टीही बाहेरून सरकवणाऱ्या आपल्या चावीने एकेक दार उघडायचं. त्याआधी नाही, दुसऱ्या कुणी नाही. शेठने हे माहितीपत्रकात छापलं. 'आमचं दार कुणासाठीही उघडत नाही.' असं वाक्य शाळेच्या माहितीपत्रकावर शोभतं असं वाटणारा माणूस बाईंनी तीन देशांत पाहिला नव्हता.

पहिला सराव छान झाला. दुसऱ्या दिवशी नवसाबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. ही डोंगरातल्या पेठ तालुक्यातली. भात कापून झालं की नवरा-बायको कामाला नाशिककडे उतरायचे, तो मेल्यावर ही इथेच राहिली. संडास, व्हरांडे, हॉल, सगळं तिच्याकडे आणि तिच्यासारख्या आणखी पाच जणींकडे. शाळेत त्यांना मावश्या म्हणत.

"बाई, एक इचारू? त्यो भोंगा वाजला का आमी कुठं जायाचं?"

लतिकाबाईंनी योजनेची फाइल उघडून पानं उलटली. मावश्या ठेकेदाराच्या. त्यांच्यासाठी दारच ठरवलेलं नव्हतं. आफ्रिकेतली ती बसची पायरी त्यांना आठवली. त्या तशाच उठून शेठकडे गेल्या.

"मॅडम, तुम्ही एवढ्या अनुभवी," शेठ म्हणाले. "ती ठेकेदाराची माणसं. बाहेर असताना काही झालं तर ठेकेदार बघेल. आपण आत घेतलं आणि काही झालं, तर आपण अडकलो. शिवाय पोरांच्या अंगाला अंग लावून या बायका बसणार. पालकांना नाही आवडत."

"बिबट्या आला तर त्यांनी काय करायचं?"

"या लोकांना सवय असते, मॅडम. डोंगरातली आहेत."

हे बोलताना माणूस काजू खात होता. बाईंनी बरीच हुज्जत घातली आणि शेवटी मैदानापलीकडची जनरेटरची खोली मावश्यांसाठी मिळवली. तिला जाळीचं दार होतं. काहीच नसण्यापेक्षा बरं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, आणि त्याच वेळी त्यांना स्वतःचा थोडा तिटकाराही आला. नवसाबाईने मात्र मान डोलावली आणि बादली उचलून गेली.

डिसेंबरात 'ओपन हाउस' ठरलं. म्हणजे नव्या पालकांनी येऊन शाळा पाहायची आणि भुलून प्रवेश घ्यायचा. आदल्या दिवशी वनखात्याचे लोक येऊन सांगून गेले की मागच्या उसाची तोड सुरू झाली आहे, जनावर बाहेर पडणार, दोन दिवस शाळा बंद ठेवा. लतिकाबाईंनी सुट्टीचा निरोप तयार केला. शेठने तो पाठवू दिला नाही.

"मंडप लागलाय, केटरर आलाय. आणि मॅडम, आपल्याकडे ड्रिल आहे की. त्यासाठीच तर आहे."

"ते धोका टाळण्यासाठी आहे, बोलावून आणण्यासाठी नाही."

"बिबट्या हा शब्द उद्या कुणी काढायचा नाही," शेठ म्हणाले आणि गोड हसले. "आपण सगळे एक कुटुंब आहोत."

त्याच वेळी राजीनामा तोंडावर फेकून घरी जावं असं बाईंना वाटलं. पण उद्या मुलं येणार होती, आणि आपण गेलो तर भोंगा वाजवायलाही शुद्धीवर कुणी नसेल, हेही त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पालक बसले होते. कोट घातलेले पुरुष, सुगंधी बायका, चीज घातलेले समोसे. पल्लवी नावाच्या बाई पालक समितीच्या अध्यक्ष. नव्या पालकांना आपल्या मुलीच्या उच्चारांबद्दल सांगत होत्या. शेठ माइकवर होते. लतिकाबाई मैदानापलीकडे ऑफिसात कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसल्या होत्या, कारण हॉलमध्ये बसणं त्यांना सहन होत नव्हतं. उसाकडच्या बाजूने कुत्री एकदम ओरडायला लागली. मग कुंपणाच्या भिंतीवर काहीतरी पिवळं चढलं आणि अलगद आतल्या बाजूला उतरलं.

बाईंनी भोंगा दाबला.

पडद्यावर दारं पटापट लागताना दिसली. वर्गांतले दिवे गेले. हॉलच्या, वरच्या अर्ध्यात काच बसवलेल्या, लाकडी दाराशी संध्या उभी होती. नवी, पहिल्याच नोकरीतली शिक्षिका. तिने बाहेर डोकावलं, व्हरांडा रिकामा पाहिला, दार लावलं, खिट्टी घातली. नियमात कुठेही चूक नव्हती. आणि मग कोपऱ्यावरच्या संडासातून नवसाबाई बाहेर आली. हातात केशरी रबरी मोजे, कडेवर पल्लवीबाईंची सहा वर्षांची मृण्मयी. मुलगी लघवीला गेली होती.

नवसाबाई हॉलच्या दाराशी आली आणि ठोठावलं. कुणी उघडलं नाही. तिने पुन्हा ठोठावलं, मग तळहाताने काचेवर थापा मारल्या. जनरेटरची खोली मैदानाच्या पलीकडे, आणि मैदानात ते जनावर. आतल्या कॅमेऱ्यात लतिकाबाईंना सगळं स्पष्ट दिसत होतं. शेठ माइक तोंडाशी धरून काहीतरी सांगत होते. काय सांगत होते ते नंतर कळलं. "बघा, ही आमची मावशी मुद्दाम दार ठोठावते आहे. तरी आमच्या टीचर उघडणार नाहीत. हे अमेरिकन स्टँडर्ड." पालकांनी मोबाइल वर केले होते. मागच्या रांगेत बसलेल्या पल्लवीबाईंना पुढच्यांच्या पाठींमुळे आपली मुलगी दिसत नव्हती. त्या टाळ्या वाजवत होत्या. सगळेच टाळ्या वाजवत होते. संध्याचा हात खिट्टीवर होता, तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ती उघडत नव्हती.

कॅमेऱ्याला आवाज नव्हता. टाळ्या वाजवणारे हात आणि काचेवर आपटणारा तो केशरी हात, दोन्ही एकाच पडद्यावर, शेजारी शेजारी. बाईंनी चावी घेतली आणि मैदानातून धावल्या. पन्नाशी उलटलेली बाई, साडी नेसलेली, बिबट्या कुठं आहे याचा पत्ता नाही. तो बास्केटबॉलच्या खांबामागून निघून परत भिंतीकडे चालला होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी दार उघडलं, नवसाबाईला पोरीसकट आत ढकललं आणि मग स्वतः शिरल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठ म्हणाले, "आणि आता आमच्या अमेरिकन मॅडम!"

तेवढ्यात पल्लवीबाईंनी आपली मुलगी ओळखली. धावत आल्या, नवसाबाईच्या हातून तिला ओढून घेतलं आणि पर्समधून ओले कागदी रुमाल काढून पोरीचा गाल पुसायला लागल्या. जिथे केशरी मोजा लागला होता तो गाल. एक रुमाल, मग दुसरा. "संडासाचे ग्लोव्ह्ज घालून माझ्या मुलीला धरलं," त्या लतिकाबाईंना म्हणाल्या. "काही ट्रेनिंग देता की नाही यांना?" नवसाबाई मोजे काढून पाठीमागे लपवत होती. तिला कुणी बसायला सांगत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत खरं काय ते सगळ्यांना कळलं. कुणीतरी खिडकीतून बिबट्याचंही चित्रण केलं होतं. लतिकाबाईंना वाटलं, आता तरी लाज वाटेल. लाज कसली? दार न उघडण्याचा तो व्हिडिओ गावभर फिरला आणि प्रवेशाला रांग लागली. खरा बिबट्या आला तरी दार उघडलं नाही म्हणजे शाळा पक्की, असं लोक म्हणू लागले. शेठने संध्याचा सत्कार केला. ती पुष्पगुच्छ घेऊन ऑफिसात आली आणि रडायला लागली.

"मॅम, मला कळत होतं की ते खरं आहे. तिचा चेहरा बघून कळत होतं. तरी मी..."

"नियम मी लिहिला होता," लतिकाबाई म्हणाल्या. "गुच्छ तिकडे कोपऱ्यात ठेव."

त्यानंतर पालक समितीने सुधारणा सुचवली. सुधारणा अशी, की प्रत्येक दाराला कमरेच्या उंचीवर एक झडप पाडायची, एसटी स्टँडवरच्या तिकीट खिडकीएवढी. लॉकडाऊनमध्ये एखादं मूल बाहेर राहिलंच तर जो कुणी कर्मचारी असेल त्याने ते झडपेतून आत सरकवायचं, मग झडप बंद. मूल मावतं, मोठं माणूस मावत नाही, म्हणून सुरक्षित. पल्लवीबाईंनी हे इतक्या शांतपणे समजावून सांगितलं की लतिकाबाईंना आधी अर्थच लागला नाही.

"आणि मूल आत सरकवणारी?" त्यांनी विचारलं.

"ती जनरेटर रूममध्ये जाईल ना."

शेठ मान डोलावत होते. बाईंना आयुष्यात इतकी किळस कधी आली नव्हती. आफ्रिकेतला तो सुपरिंटेंडंट निदान पळताना तोंडाला येईल ते बरळला होता. ही माणसं एसीत बसून, बिस्किटं खात, सुताराला माप देत होती. "मी याला संमती देणार नाही," त्या म्हणाल्या. शेठ म्हणाले, संमती नको आहे, सराव घ्या म्हणजे झालं, शुक्रवारी समिती पाहायला येईल. झडपा दोन दिवसांत बसल्या.

गुरुवारी लतिकाबाई नवसाबाईजवळ गेल्या. ती हॉलच्या दाराचा भुसा झाडत होती. तिने संतापावं, दोन शिव्या घालाव्यात, असं बाईंना मनापासून वाटत होतं.

"बरं झालं का वो हे," नवसाबाई झडप उघडझाप करत म्हणाली. "पोर तरी जाईल आत. त्या दिशी मला तेच भ्याव व्हतं."

"आणि तुम्ही?"

"आमचं काय बाई. आमी बाहेरच्याच."

ती हे कुरकुरीच्या सुरात बोललीच नाही. पाऊस पडतोय म्हणावं तसं बोलली, आणि लतिकाबाईंना तिथे उभं राहवेना.

शुक्रवारी भोंगा वाजला. दारं लागली, दिवे गेले, मुलं भिंतीला टेकली. हॉलमध्ये समिती, शेठ, संध्या आणि पहिलीची मुलं. मावश्या ठरल्याप्रमाणे जनरेटरच्या खोलीकडे निघाल्या तशा लतिकाबाईंनी त्यांना थांबवलं.

"तिकडे नाही. इथे माझ्याजवळ उभ्या राहा."

मैदानाच्या मधोमध सगळ्या उभ्या राहिल्या. ऊन चांगलंच होतं. वर्गांमधून मोजणी येत गेली, सगळे हजर, सगळे हजर, आणि मग शाळा गप्प बसून ऑल क्लिअरची वाट पाहू लागली. तो येईना. बराच वेळ गेला. पोरं चुळबुळायला लागली, कुणीतरी रडायला लागलं. बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो बंद केला. मग हॉलच्या दाराची झडप उघडली आणि तिच्यात दिनेशशेठचा चेहरा आला. कमरेच्या उंचीची झडप, त्यामुळे शेठ ओणवे झाले असणार. लतिकाबाई मावश्यांना घेऊन दारापर्यंत चालत गेल्या.

"मॅडम, ऑल क्लिअर द्या की," झडपेतून शेठ म्हणाले.

"मोजणी पुरी झाली नाही."

"आता कोण राहिलं?"

"मी. यादीत मी आहे आणि मी बाहेर आहे."

"मग चावी आहे ना तुमच्याकडे? या आत."

"येते. या सहा जणींना घेऊन येते. आजपासून दर वेळी."

शेठचा चेहरा क्षणभर झडपेतून गेला आणि परत आला. मागे समिती कुजबुजत होती. "मॅडम, तमाशा करू नका. पालक आहेत. तुम्ही एकट्या या, बाकीचं आपण केबिनमध्ये बोलू."

"केबिनमध्ये बोललो आपण. तुम्ही काजू खात होता."

"तुमचं पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट अजून व्हायचंय, हे विसरू नका."

"नका करू," लतिकाबाई म्हणाल्या. त्यांना राग येत नव्हता. नुसती किळस येत होती, झडपेतल्या त्या घामेजल्या चेहऱ्याची, मागच्या कुजबुजीची, आणि एवढी साधी गोष्ट मिळवायला पोरांना अंधारात ताटकळत ठेवावं लागतंय याची. "दार तुम्ही आतून उघडा. माझ्या चावीने मी आज कुणाला आत घेणार नाही. तुमच्या हाताने घ्या."

शेठ उघडणार नव्हते. आपणच छापलेल्या वाक्यावर माणूस अडून बसला होता, आणि समितीसमोर ते खोडणं त्याला जमत नव्हतं. आतून पल्लवीबाईंचा आवाज आला, "उघडू नका सर, प्रोटोकॉल आहे." मग खिट्टी सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं ते संध्याने. तिने दार पूर्ण उघडलं आणि ते धरून उभी राहिली. शेठ अजून झडपेशी ओणवेच होते, दाराबरोबर बाजूला सरकावं लागल्यामुळे भिंतीला लागले.

"या मावशी," संध्या म्हणाली.

लतिकाबाई आत गेल्या. मागून कुणी येईना म्हणून त्यांनी वळून पाहिलं. सहाही जणी उंबऱ्याशी थांबून चपला काढत होत्या.

"राहू द्या पायात," बाई म्हणाल्या. "खरंच आला तर चपला काढायला वेळ मिळणार आहे का?"

"लादी ओली हाय बाई," नवसाबाई म्हणाली. "सकाळी मीच पुसलीय." तिने चपला हातात घेतल्या आणि आत येऊन दाराच्या अगदी कडेला, अंग चोरून बसली. शेजारच्या खुर्चीवरच्या पल्लवीबाईंनी पाय जवळ घेतले. लतिकाबाईंनी दार लावलं, खिट्टी घातली आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली, नवसाबाईपासून.